कोंडसरीचे अकरा टेपरेकॉर्डर

"माणूस सापडला, नानासाहेब."

एवढं बोलून मी थांबलो. पलीकडून नुसती तारेची खरखर येत होती. कोंडसरीत तेव्हा एकच फोन होता, वाण्याच्या दुकानात, आमसुलांच्या पोत्याशेजारी. वाणीण माझ्याकडे पाठ करून सुपात तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले होते, म्हणजे कान माझ्याकडे होते.

"नक्की तोच?"

"दिगंबर पुसाळकर. दाढी वाढवलीय, डोक्याला पागोटं आहे, पण तोच. आज इथल्या रामजन्माच्या कीर्तनाला उभा राहतोय."

"कीर्तनाला?" नानासाहेब हसले. "नगरपालिकेचा इंजिनिअर आणि कीर्तन! बरं. एकटाच आहे?"

"एकटाच."

"उतरलाय कुठं?"

"देवळामागच्या ओवरीत."

"ओवरीच्या मागं काय आहे?"

"खाडी."

"खोल आहे का?"

"भरतीला असेल," मी म्हणालो.

"छान. उमाजी जीप घेऊन घाटाखाली थांबलाय. दोन तासांत पोचेल. तुमचं काम झालं, साबडे. मिळेल त्या एस्टीनं निघा. तुम्हाला नाद आहे म्हणून सांगतो, कीर्तनबिर्तन ऐकत बसू नका."

फोन ठेवला तेव्हा साडेनऊ वाजले होते. माणसाला समजावून घरी न्यायचं असेल तर खाडीची खोली कशाला विचारायची, हा प्रश्न मला दुकानाची पायरी उतरताना पडला. पण पायरी उतरलो आणि प्रश्न तिथंच राहिला. एस्टी एक वाजता होती. देवळात तबला लागत होता, आणि रामजन्माच्या दिवशी देवळावरून तसाच पुढं जाणारा माणूस मी नव्हे.

ही ब्याण्णव सालची गोष्ट. पुण्यात शनिवार पेठेत एका जिन्याखाली माझी खोली होती. दारावर पाटी नुसती 'मो. ब. साबडे, चौकशी' एवढीच. खासगी गुप्तहेर म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं पिस्तूल येतं. माझ्याकडे छत्री असायची. मुलाला दारूचं व्यसन आहे का, मुलीचं आधी कुठं ठरलं होतं का, असली लग्नाआधीची कामं मी करत असे आणि संध्याकाळी देवळात झांज धरत असे. जाईन तिथं वेगळं नाव सांगायचं, कुणाच्या लक्षात राहायचं नाही, आणि गिऱ्हाइकाचं नाव जिभेवर आणायचं नाही. एवढ्यावर माझा धंदा वीस वर्षं चालला होता.

नानासाहेब निकाडे तळेगव्हाणचे नगराध्यक्ष. ते स्वतः जिन्याखाली वाकून माझ्या खोलीत आले होते. त्यांच्या गावची नवी पाण्याची टाकी माघ महिन्यात एका सकाळी कोसळली होती. बांधून पुरते आठ महिने झाले नव्हते. खाली नळावर पाणी भरणाऱ्या तीन बायका गेल्या. तिसऱ्या दिवशी इंजिनिअर पुसाळकर टाकीची फाईल घेऊन नाहीसा झाला, आणि माल खाऊन पळाला असं पेपरांनी छापलं.

"गुणी माणूस हो," नानासाहेब डोळे पुसत म्हणाले होते. "घाबरलाय. त्याची बायको रोज माझ्या दारात येऊन रडते. पोलिसांच्या आधी आपल्याला सापडला तर नीट समजावून हजर करू."

मी सगळ्या जगाची चौकशी करत असे, गिऱ्हाइकाची नाही.

पुसाळकरांच्या घरी मी विम्याचा माणूस होऊन गेलो. सुनंदाबाईंनी पाणी दिलं. रडल्या नाहीत.

"नानासाहेब म्हणाले तुम्ही त्यांच्याकडे जाता," मी सहज म्हटलं.

"मी? मी कशाला जाऊ त्यांच्याकडे?"

हे मी वहीत लिहिलं आणि पान उलटलं. भिंतीवर एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याची तसबीर होती. तिच्याखाली खिळा होता, आणि खिळ्याखाली भिंतीवर दोन लांबट, स्वच्छ पट्टे होते. बाकीची भिंत धुरकटलेली. तिथं बरीच वर्षं चिपळ्या टांगलेल्या असणार, आणि त्या नुकत्याच कुणीतरी काढल्या असणार.

"सासरे कीर्तन करत?" मी विचारलं.

बाईंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. मग आम्ही अर्धा तास कीर्तनाबद्दलच बोललो. सासऱ्यांचा आवाज, त्यांची आख्यानं, आणि कोकणात कोंडसरीला बावीस वर्षं न चुकता केलेली रामजन्माची सेवा. "ते गेल्यावर ह्यांनी ती एकदाही..." असं म्हणता म्हणता त्या थांबल्या. पण मला हवं ते मिळालं होतं. दडून बसायला निघालेला माणूस कपडे नेतो, पैसे नेतो. चिपळ्या नेणारा माणूस चैत्र शुद्ध नवमीला कुठं असेल हे पोलिसांना कळलं नसतं. मला कळलं. त्या बाई फसून बोलल्या असंही म्हणता येत नाही. माझं कीर्तनाचं वेड खरं होतं, म्हणून त्या बोलल्या.

कोंडसरीच्या देवळात तीन-चारशे माणूस दाटलं होतं. मुंबईचे चाकरमानी, माहेरवाशिणी, कडेवर पोरं. गाभाऱ्यापुढं फुलांनी मढवलेला पाळणा. वीज गेली होती, त्यामुळे माईक मुका होता, पण त्याची कुणाला फिकीर नव्हती. बुवांच्या गादीपुढं जमिनीवर ओळीनं टेपरेकॉर्डर मांडले होते. मुंबईकरांचे मोठे, गावकऱ्यांचे छोटे, एकाला कातडी पिशवी. सवयीनं मोजले. अकरा.

"सगळे सेलवर चालतात," माझ्या शेजारी टेकत एक गृहस्थ म्हणाले. धोतर, खांद्यावर पंचा, कानात भिकबाळी. देवस्थानचे मानकरी अण्णा खोत. "थोरल्या बुवांची बावीस वर्षांची कीर्तनं आहेत गावात. कुणाकडे एक, कुणाकडे चार. तुम्ही कुठचे म्हणायचे?"

"पाटणकर. मिरजेचा." नाव आपोआप तोंडात आलं.

"मिरजेहून आलात? कीर्तनाला?"

"हो."

हे मात्र अर्धं खरं होतं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "बरं झालं हो. बसा, बसा, असे पुढं बसा."

पुसाळकर गादीवर आले. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, सरकारी माणसाचे असतात तसे. चिपळ्या कपाळाला लावल्या, नमन म्हटलं. आवाज थोर नव्हता, वरच्या पट्टीत कापत होता. पण पूर्वरंगाला अभंग घेतला आणि त्याचा एकेक शब्द सोडवायला लागले तेव्हा मी माझं काम विसरलो. केलेली चूक आधी कबूल करावी लागते, मग नाम घेता येतं, असं काहीसं निरूपण होतं. माझा हात मांडीवर ठेका धरत होता. मी मिरजेचा नव्हतो आणि पाटणकरही नव्हतो, पण तो हात माझाच होता.

निरूपण संपता संपता मघाचा प्रश्न दुकानाच्या पायरीवरून उठून देवळात आला. सुनंदाबाई नानासाहेबांच्या दारात गेल्याच नव्हत्या. मग रडत कोण होतं? उमाजीला घाटाखाली आधीपासूनच का ठेवलं होतं? आणि खाडी खोल आहे का.

घड्याळात पावणेअकरा झाले होते. जीपला फार तर अर्धा-पाऊण तास.

पूर्वरंग संपला, गजर सुरू झाला. अण्णा खोतांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उठा पाटणकर. आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या लांबच्या पाहुण्यानं बुवांना हार घालायचा, अशी रीत आहे. थोरल्या बुवांपासूनची."

"मी नको."

"असं कसं! एवढ्या लांबून आलात, देवाचे पाहुणे तुम्ही!"

हातात झेंडूचा जड हार आला. मी गादीपुढं गेलो. वयानं ते माझ्याहून लहान, पण गादीवर उभ्या राहिलेल्या बुवांच्या पायांना सगळेच हात लावतात. मी लावला. हार घातला. त्यांनी माझ्या कपाळाला बुक्का लावला आणि रीतीप्रमाणे आलिंगन दिलं. गजर टिपेला होता. मला त्यांच्या कानाशी तोंड नेऊन जरा मोठ्यानंच बोलावं लागलं.

"पुसाळकर, नानासाहेबांची माणसं जीप घेऊन निघालीत. तुम्ही इथं आहात हे मीच त्यांना कळवलं. मागच्या दारानं निघा."

त्यांचे हात माझ्या पाठीवर तसेच राहिले. मग त्यांनी मला हळूच दूर केलं आणि म्हणाले, "बसा. जन्म व्हायचाय अजून."

मी बसलो. दुसरं काय करणार?

उत्तररंगाला त्यांनी श्रावणबाळापासून सुरुवात केली. काही बुवा तशी करतातच. आंधळ्या आईबापांना तहान लागते, श्रावण नदीवर घडा भरायला जातो, आणि अंधारात दशरथाला वाटतं की जनावर पाणी पितंय.

"दशरथानं बघितलं नाही हो!" पुसाळकर म्हणाले. "नुसता आवाज ऐकला आणि बाण सोडला. शब्दवेधी! केवढा त्याला अभिमान होता त्या विद्येचा!"

मी खाली बघितलं.

"श्रावण गेला. मग राजानं काय केलं? प्रधानाला पाठवला? शिपायावर ढकललं? की चौकशी समिती नेमली?"

देऊळ हसलं.

"नाही. राजानं तोच घडा उचलला, स्वतः भरला, आणि त्या दोघांपुढं जाऊन उभा राहिला. म्हणाला, पाणी आणलंय, आणि तुमच्या मुलाला मी मारलंय. त्यांनी शाप दिला, पुत्रशोकानं मरशील. पण मंडळी, पुत्रशोक व्हायला आधी पुत्र व्हावा लागतो! घडा टाकून पळाला असता तर शाप नव्हता, आणि रामही नव्हता."

चिपळ्या थांबल्या. तबलेवाल्यानं मान वर करून बघितलं, मग हलक्या हातानं नुसता ठेका धरून राहिला.

"आता माझा घडा मी उचलतो," पुसाळकर म्हणाले.

आणि मग त्यांनी, कीर्तनकार सांगतो तसं नव्हे, ऑफिसात साहेबापुढं सांगावं तसं सांगितलं. तळेगव्हाणची टाकी. बांधकामाचे काँक्रीटचे ठोकळे करून तपासणीला पाठवायचे असतात, म्हणजे माल घट्ट आहे की नाही ते कळतं. पाठवलेले ठोकळे टाकीच्या मालाचे नव्हतेच, वेगळा चांगला माल कालवून शेडमध्ये केलेले होते. टाकीत समुद्राची, लोखंड खाणारी खारी वाळू होती. "मला माहीत होतं. काम पुरं झालं या दाखल्यावर सही माझी आहे. सही कर, नाहीतर पोरीबाळींसकट गाव सोड, असं मला सांगणारे नगराध्यक्ष नानासाहेब निकाडे. टाकीचा ठेका त्यांच्या मेव्हण्याचा. हे बोलणं झालं त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. खरी फाईल माझ्यापाशी आहे. पण बाण माझ्या सहीचा. खाली पाणी भरत होत्या त्या अनसूया ढोणे, रखमाबाई ढोणे आणि मुमताज मुलाणी. मुमताजचं लग्न ठरलं होतं."

पुढं बसलेली एक म्हातारी मोठ्यानं "अरे देवा" म्हणाली.

त्याच वेळी बाहेर जीप थांबली.

उमाजीला मी नानासाहेबांच्या ऑफिसात पाहिलं होतं. गळ्यात गोंड्याचा काळा दोरा, बोलायला मऊ. बरोबर आणखी दोघं. तिघं देवळाच्या दारात आले आणि गर्दी बघून घोटाळले. माणसांच्या कुजबुजीत नानासाहेबांचं नाव होतं, ते त्यांच्या कानावर पडलंच.

"वहाणा काढा रे!" दाराजवळच्या बायका खेकसल्या. "आणि उभे काय राहता खांबासारखे? बसा खाली, जन्माची वेळ झाली!"

तिघांनी वहाणा काढल्या आणि खाली बसले. उमाजीनं टोपीही काढली. चारशे माणसं मांडी घालून बसलेली असताना तिघांनाच उभं राहता येत नाही.

पुसाळकरांनी त्यांना बघितलं असावं. स्वर बदलला नाही. घड्याळात बाराला चार मिनिटं होती. त्यांनी चिपळ्या उचलल्या, दोन ओळींत शाप, यज्ञ, पायस सगळं आवरलं, अयोध्येत कौसल्येच्या दालनात आले, आणि बाराच्या ठोक्याला जन्म झाला. देवळातल्या साऱ्या घंटा एकदम वाजल्या. गुलाल उधळला, फुलं उडाली, बायकांनी पाळणा म्हणायला घेतला. एवढ्या वर्षांत मी इतका वेळेवर झालेला रामजन्म पाहिला नाही.

मग रीतीप्रमाणे ओळ लागली. जो तो बुवांच्या पाया पडून बुक्का लावून घेत होता. ओळ सरकत उमाजीपर्यंत आली. मागं माणसं, पुढं माणसं, डोकं गुलालानं लाल. तो वाकला. पुसाळकरांनी त्याच्या कपाळाला बुक्का लावला, हातावर सुंठवडा ठेवला आणि विचारलं, "प्रवास फार झाला का?"

"न्हाई, बुवा," उमाजी म्हणाला.

मला त्यानं खांबाआड गाठलं. सुंठवडा अजून मुठीत होता.

"साबडेसाहेब, हे वो काय झालं? आता काय करायचं?"

"मला काय विचारतोस?"

"तुमीच तर धाडलं आमाला." त्यानं गादीकडं बघितलं. माणसं आपापले टेपरेकॉर्डर उचलत होती. एक मुंबईकर कॅसेट उलटी करून बघत होता. "ती यंत्रं किती हायती?"

"अकरा."

"अकरा!" त्यानं हरल्यासारखी मान हलवली. "एक असतं तर उचललं असतं. आन् एवढी माणसं? कुणाकुणाला गप करनार? साहेबाला तुमीच सांगा फोनवर."

"माझं काम झालंय, उमाजी."

तो वाण्याच्या दुकानात गेला. तिथं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. वाणिणीला ठाऊक असेल. पण पुसाळकरांना मारण्यात आता कुणाचा काही लाभ नव्हता, एवढा हिशेब नानासाहेबांना नक्की जमत होता. अर्ध्या तासानं जीप परत गेली. अण्णा खोतांनी बुवांना प्रसादाचं जेवायला बसवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, फाईल, चार कॅसेटी आणि वीस-पंचवीस गावकरी घेऊन, स्वतः जिल्ह्याच्या ठिकाणी कलेक्टरांपुढं नेऊन उभं केलं. मी एक वाजताच्या एस्टीनं निघालो होतो.

चौकशी भाद्रपदात लागली. निवृत्त न्यायाधीश, सरकारी विश्रामगृहातला दिवाणखाना, वर घरघरणारा पंखा. मला कुणी बोलावलं नव्हतं. बोलावणार तरी कसं? मी कुठं नव्हतोच. तरी रोज जात होतो आणि मागून तिसऱ्या रांगेत बसत होतो. कॅसेट लावणार असं ऐकलं होतं. तो उत्तररंग पुन्हा ऐकावा अशी इच्छा होती. दुसरं कारण मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

नानासाहेबांचे वकील हुशार होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. इंजिनिअर माल खाऊन पळाला, पकडला जाणार हे दिसल्यावर देवळात उभं राहून त्यानं गोष्ट रचली. फाईलही त्यानंच तयार केली. माझ्या अशिलाला तो कुठं आहे याची दोन महिने कल्पना नव्हती, त्यांनी त्याला शोधलंही नाही. ज्याला काही लपवायचं नसतं तो कशाला कुणाला शोधेल? जीप आली म्हणतात, तर माणसं रामजन्माला आली असतील. न्यायाधीशांनी हे सगळं शांतपणे लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी टेप लावला. कातडी पिशवीतला तो छोटा. गादीच्या अगदी पायाशी होता, त्यामुळे सगळ्यात स्पष्ट उतरला होता. पूर्वरंग झाला, गजर सुरू झाला. गजराखाली, झेंडूच्या पाकळ्या घासल्यासारखी खरखर झाली, आणि एक जाडसर आवाज म्हणाला, "पुसाळकर, नानासाहेबांची माणसं जीप घेऊन निघालीत. तुम्ही इथं आहात हे मीच त्यांना कळवलं. मागच्या दारानं निघा."

आपला आवाज टेपवर ऐकला की तो आपला वाटत नाही, म्हणतात. मला लगेच ओळखू आला.

न्यायाधीशांनी हात वर केला. टेप थांबला.

"हा आवाज कुणाचा?"

वकील उभे राहिले. "कुणाचाही असू शकतो, महाराज. यांच्याच एखाद्या साथीदाराचा. माणूस पुढं आणल्याखेरीज याला किंमत नाही."

"पुसाळकर?"

पुसाळकर साक्षीदारांच्या बाकावर होते. उठून उभे राहिले. मी तिसऱ्या रांगेत आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दारातून आत येताना आमची नजरानजर झाली होती.

"त्यांनी मला हार घातला," ते म्हणाले. "नाव मी विचारलं नाही."

"दिसले तर ओळखाल?"

"ते त्यांनी सांगायचं आहे, साहेब. मी नाही." आणि खाली बसले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नानासाहेब मात्र बघत होते. मान वळवून, थेट. त्या नजरेत धमकी नव्हती. वीस वर्षं गिऱ्हाइकाचं नाव तोंडातून न काढणाऱ्या माणसाकडे बघावं तसे ते भरवशानं बघत होते. मी गप्प राहिलो असतो तर तेच बरोबर, असं माझ्या धंद्यातल्या कुणीही सांगितलं असतं. आणि बोललो तर जिन्याखालच्या त्या खोलीला कुलूप. चव्हाट्यावर आलेल्या हेराला कोण काम देणार?

"ठीक आहे," न्यायाधीश म्हणाले. "आवाज अनोळखी म्हणून नोंदवा. पुढं चला."

कारकुनानं बटण दाबलं. टेपवर पुसाळकर म्हणाले, "बसा. जन्म व्हायचाय अजून."

मी उभा राहिलो.

"माझा आवाज आहे," मी म्हणालो.

सगळी डोकी वळली. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुमचं नाव?"

"साबडे. मोरेश्वर बळवंत साबडे, पुणे." अनोळखी माणसाला खरं नाव सांगायला जीभ जड गेली. "यांना शोधायला मला नानासाहेब निकाड्यांनी नेमलं होतं. फोन मी केला होता. रामनवमीला, सकाळी साडेनऊ वाजता, कोंडसरीच्या वाण्याच्या दुकानातून. दुकानातल्या बाईंनी ऐकलंय."

वकील काहीतरी बोलू लागले. न्यायाधीशांनी त्यांना बसायची खूण केली आणि मला पुढं बोलावलं. साक्षीदारांच्या बाकापर्यंत दहा-बारा पावलं असतील. बाक भरलेला होता. अण्णा खोत होते, वाणीण होती, मुमताजचे वडील होते. अण्णा वाणिणीला म्हणाले, "हेच ते, मिरजेचे." मी नुसता उभा राहिलो.

पुसाळकरांनी तेव्हा मान वर करून बघितलं, थोडे सरकले, आणि शेजारी जागा केली.